बिनखाड्याचे दाजी

दाजी कामावरून लवकर घरी आले, एवढीच बातमी होती.

माझ्या भाचीचा, वर्षाचा, फोन आला तेव्हा मी जालन्यात मस्तगडातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू आवळत होतो. ती म्हणाली, "मामा, पप्पा आलेत घरी. दुपारचेच." दुसऱ्या कुणाच्या घरात नवरा दुपारी घरी आला तर बायको फार तर विचारील, आज लवकर कसे, आणि चहा टाकील. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, संसारात अशी दुपार कधी आलीच नव्हती. म्हाताऱ्याच्या हातात चष्मा तसाच अर्धवट ठेवला, उद्या या म्हणालो आणि शटर ओढलं. तो मागून काहीतरी बडबडत होता, ते मला धड ऐकूही आलं नाही.

एमआयडीसीच्या अलीकडच्या त्यांच्या वसाहतीत पोचलो तर दाजी ओट्यावर खुर्चीत बसलेले. पायात बूट तसेच. ओठ पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले, आणि तरी मला बघून ओशाळल्यासारखे हसले. मेहुण्याची चेष्टा करायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती, ती त्या दिवशीही सोडली नाही. "मेव्हणे, दुकान बंद करून काहून आले? माझं कौतुक पाह्यला?" म्हणाले. मग थोडं थांबून, जणू मीच त्यांचा साहेब आहे अशा आवाजात, "जरा गरगरलं म्हनून आलो. सकाळच्या पाळीला येतो म्हनून सांगून आलोय..." आमचं ते शेवटचं धड बोलणं. रिक्षात बसवताना त्यांचा दंड धरला तर माझी बोटं सैल कातडीत रुतली. एवढा दणकट माणूस, आतून कधी रिकामा झाला होता कुणास ठाऊक.

डेंग्यू होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ताप बरेच दिवस अंगात असला पाहिजे, तो उतरला म्हणजे माणसाला वाटतं आपण बरे झालो, पण या आजारात ताप उतरल्यावरच खरा धोका सुरू होतो. अंगात पाणी उरलेलं नाही, आतून रक्तस्राव सुरू झालाय. मग त्यांनी अक्काला विचारलं, ताप होता त्या दिवसांत हे कुठे होते? अक्का म्हणाली, कामावर. काय काम करतात? लोखंडाच्या भट्टीवर. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत दाजी गेले. नंतर एकदा, माझ्याकडे चष्मा करायला येणाऱ्या एका दुसऱ्या डॉक्टरांना मी सगळं सांगून विचारलं, लवकर आणलं असतं तर वाचले असते का? ते म्हणाले, बहुतेक वाचले असते... पण वेळेत आणलेलेही कधीकधी जातात. म्हणजे मी काय समजायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

दाजींचं नाव रामकिसन. गाव जाफराबादकडचं, घर धनगराचं. त्यांच्या लहानपणी घरी मेंढरं होती, पुढे थोडी कोरडवाहू जमीन झाली, सोयाबीन-कपाशी आली, मेंढरं कमी होत गेली. मिसरूड फुटायच्या वयात ते जालन्याला आले आणि सळया तयार करणाऱ्या एका कारखान्यात लागले, ते शेवटपर्यंत तिथेच. भट्टीत लोखंडाचे ठोकळे लाल होईपर्यंत तापवायचे आणि मग पुढे रोलवर सोडायचे, तिथे ते दाबून दाबून त्यांच्या सळया होतात. आमच्या घरी ते जावई म्हणून आले तेव्हा लग्नाचा मांडव अजून पूर्ण उतरला नव्हता आणि नवरदेव माझ्या वडिलांपुढे हात जोडून उभे, की मामा, आमाला आजच निघावं लागतंय, उद्या सकाळची पाळी हाय. वडिलांना तो अपमान वाटला. बाप म्हणून त्यांना मुलीला अजून दोन दिवस बघायचं होतं. ते पुढे कितीतरी वर्षं त्यांना "पाळीवाले जावई" म्हणत, आणि त्यात राग किती आणि कौतुक किती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी भट्टीला हार घालतात, कामगारांच्या बायकापोरांना जेवण असतं, आणि वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या कामगाराला बक्षीस देतात. ते बक्षीस दाजींचं ठरलेलंच. बहुतेक वेळा भिंतीवरचं घड्याळ. अक्काच्या घरात जिकडे बघावं तिकडे घड्याळ, स्वयंपाकघरातसुद्धा, आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. मी एकदा म्हणालो, दाजी, एखादा खाडा करा, म्हणजे ते घड्याळ दुसऱ्या कुणाला तरी जाईल, तुमच्या भिंती तरी मोकळ्या होतील. ते म्हणाले, "मेव्हणे, तुमी दुकानदार मान्सं. तुमाला वाटलं तवा शटर वर, वाटलं तवा खाली. आमचं तसं न्हाई." मला ते टोचलं, कारण खरं होतं. पण त्यांचं "तसं नाही" म्हणजे नेमकं कसं, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं असं वाटत नाही.

एका पावसाळ्यात शहरात डोळ्यांची साथ आली. घरोघर माणसं लाल डोळे करून बसलेली, माझ्या दुकानात काळ्या चष्म्यांना उधाण. दाजींचेही डोळे आले. भट्टीत तापत असलेलं लोखंड साध्या डोळ्यांनी बघवत नाही, त्यासाठी तिथे एक निळी काच असते, ती डोळ्यापुढे धरून बघायचं. दाजी डोळ्यांवर ती निळी काच धरून दिवसभर वावरले आणि कुणाला कळू दिलं नाही. काच मात्र पाळीत सगळ्यांची मिळून एकच! ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे. आठवडा संपायच्या आत भट्टीवरचे, रोलवरचे, सळया कापणारे, सगळे लाल डोळ्यांनी एकमेकांकडे टकमका बघत होते, आणि शेवटी साहेबांनी पाळीच बंद ठेवली. दाजींचा त्या वर्षीही खाडा झाला नाही, कारण कारखानाच बंद होता. ही गोष्ट आम्ही कितीतरी वर्षं हसून हसून सांगत आलो. परवा ती कुणीतरी पुन्हा काढली, सगळे हसले, आणि मग हसणं मधेच कुठेतरी थांबलं.

माणूस हट्टी होता म्हणून सोडून द्यावं तर तेही जमत नाही. मला टायफॉइड झाला होता तेव्हा हेच दाजी पाळी संपली की रोज थेट माझ्या घरी यायचे. अंगाला लोखंडाचा वास, हातात शहाळं. मी दुकानाचं नाव काढलं की खवळायचे. दुकानाच्या किल्ल्या त्यांनी स्वतःच्या खिशात घालून ठेवल्या होत्या. मला म्हणायचे, झोपा, दुकान कुठं पळून चाललंय का. वर्षा शाळेत होती तेव्हा तिला नुसती सर्दी झाली तरी ते तिला घरी ठेवायचे, आणि ती सहल चुकली म्हणून रडायची. पाळीतल्या एखाद्याला खोकला झाला तर त्याला घरी पिटाळून त्याचं काम स्वतः ओढायचे. म्हणजे आजारी माणसानं पडून राहावं हे त्यांना समजत होतं... स्वतःला सोडून बाकी सगळ्यांच्या बाबतीत समजत होतं. दुखणं अंगावर काढायचं ते फक्त त्यांनी. हा नियम त्यांनी कुठून आणला, मी पुष्कळ शोधलं.

एकदा आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो होतो. त्यांच्या एका चुलत्याकडे अजून मेंढरं होती. संध्याकाळी कळप परत येत होता आणि दाजी बांधावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मी सहज विचारलं, यातलं आजारी कोणतं ते कसं ओळखता? ते म्हणाले, "वळखू येत न्हाई. दुखत असलं तरी मेंढरू कळपासंगंच चालत राहतं. मागं पडलं की मंग समजायचं, पन तवर जल्दी करायची येळ गेलेली असती." मी म्हणालो, म्हणजे चालतंय तोवर ते बरं असतं तर. दाजी हसले. "तसं न्हाई. चालतंय तवर कुनी बघत न्हाई, येवढंच." मी शहरातला चष्मेवाला, मला ती मेंढरांची माहिती वाटली. आता ती माणसांविषयी होती असं म्हणावं, तर मीच मागाहून अर्थ चिकटवतोय अशी शंका येते. मेलेल्या माणसाचं कोणतंही बोलणं उचलावं, त्यात काहीतरी सापडतंच.

शेवटच्या त्या दिवसांत काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. अक्काला एवढं माहीत होतं की जेवण कमी झालंय आणि मेडिकलमधून आणलेली गोळी ते खातात. ती विचारायची, अंगात ताप आहे का. ते म्हणायचे, उतरला. कपाळाला हात लावून बघावं तर भट्टीवरून आलेल्या माणसाचं अंग रोजच तापलेलं असतं, तिला गेली कितीतरी वर्षं तेच ऊन कपाळ माहीत होतं. शिवाय त्या घराचं एक ठरलेलं होतं, दाजी कामावर गेले म्हणजे दाजी बरे आहेत. सकाळी डबा गेला की अक्काची काळजी मिटायची. आणि कारखान्यातही तेच. त्यांच्या पाळीतले शब्बीरभाई, दाजींचे जुने जोडीदार, भेटायला आले तेव्हा दारातच बसले, आत येईनात. म्हणाले, रामकिसन पाणी फार पित होता, मधेच खांबाला धरून उभा राहायचा, मी विचारलं तर म्हणाला रात्री झोप झाली न्हाई. "भाई, भट्टी के सामने सब का बदन तपताच है," ते मला म्हणाले. "किस का बुखार किधर का, कैसा मालूम पडना?" आणि मग माझ्याकडे बघत राहिले, जणू उत्तर मी द्यायचंय. घर समजत होतं, कामावर गेला म्हणजे बरा आहे. कारखाना समजत होता, कामावर आला म्हणजे बरा आहे. आणि दाजी रोज या दोघांच्या मधे येजा करत राहिले.

मला राग आला होता, आणि तो ठेवायला जागा सापडेना. आधी वाटलं, कारखान्यावर ठेवावा. पण तिथे त्यांची रजा शिल्लक होती, कुणी अडवत नव्हतं. गरगरलं तेव्हा मॅनेजर साहेबांनी स्वतःची गाडी देऊ केली होती, दाजीच नको म्हणाले. तेच साहेब दवाखान्यात खुर्ची मिळाली नाही म्हणून दिवसभर जिन्यावर उभे होते. घरात ओढाताण होती म्हणावं तर तीही नव्हती, वर्षा इथल्याच बियाण्याच्या कंपनीत कामाला लागली आहे. नोकरी जायची भीती नव्हती. बक्षिसाची हाव? त्या घड्याळांचे सेलसुद्धा ते बदलत नव्हते. मग का? भेटायला येणारे काही जण हळूच म्हणायचे, एवढं काय अडलं होतं हो? मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं. दुसरे म्हणायचे, असा कष्टाळू माणूस होणे नाही, आणि मला त्यांनाही हाकलून द्यावंसं वाटायचं. या दोन्हींच्या मधे काहीतरी म्हणायला हवं होतं, पण ते मलाही सुचत नव्हतं.

चौदावा झाल्यावर मॅनेजर साहेब आले. सोबत शब्बीरभाई आणि पाळीतले आणखी काही जण. साहेबांनी अक्कापुढे वाकून सांगितलं की येत्या खंडेनवमीपासून बिनखाड्याच्या बक्षिसाला रामकिसनचं नाव द्यायचं कारखान्यानं ठरवलंय. त्याचा फोटो भट्टीजवळ लावू. दर वर्षी बक्षीस वहिनींच्या हातून देऊ. फक्त घरच्यांची परवानगी पाहिजे, आणि पहिल्या वेळी स्टेजवर दोन शब्द वहिनींच्या भावानं, म्हणजे मी, बोलावेत. ते मनापासून बोलत होते. मागे उभे असलेले कामगार अक्काकडे अशा आशेनं बघत होते की तिनं नाही म्हटलं तर त्यांचा स्वतःचा अपमान होईल. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. पप्पांचं नाव राहील, ती पुटपुटली. अक्का म्हणाली, सांगते. आणि चहा ठेवायला आत गेली.

तिनं लगेच होय का म्हटलं नाही ते मला आत गेल्यावर कळलं. "संतोष," ती मला म्हणाली, "मी हो म्हनले तर ते तापात गेल्ते ते बराबर केलं असं व्हईल. आन न्हाई म्हनले तर त्यांचं सगळं आयुष्यच चुकलं, असं व्हईल. तूच सांग मी काय करू." मी तिचा शिकलेला भाऊ. चार पुस्तकं वाचलेला, पेठेत ज्याला लोक विचारायला येतात तो. मी पहिल्यांदा म्हणालो, सरळ नाही म्हण. कोणत्या तोंडानं बक्षीस देतात? मग बाहेर शब्बीरभाईंकडे नजर गेली. त्या लोकांनी अंगावर काय काय काढलेलं असेल, त्याचं कुणी कधी नावही घेतलेलं नसेल, आणि आज त्यांच्यातल्या एकाचा फोटो लागतोय... मी म्हणालो, होच म्हण. रात्रभर (खरं तर पुढचे कितीतरी दिवस) मी असाच इकडून तिकडे हेलकावत राहिलो. सकाळी दुकान उघडताना एक मत, जेवायला बसताना दुसरं. अक्का दर दोन दिवसांनी विचारायची, ठरलं का रे? आणि मी, ज्याचा संसार मोडला नव्हता तो, तिला म्हणायचो, अजून विचार करतोय.

साहेबांचा फोन आला की आता बक्षिसाच्या नावाची पाटी रंगवायला द्यायचीय, उद्या सकाळपर्यंत सांगा. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी मी अक्काकडे गेलो. तोवर मी ठरवलं होतं की हो म्हणायचं. स्टेजवरचे दोन शब्दही जुळवले होते, त्यात निष्ठा होती, घाम होता, काय नव्हतं! अक्का स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. वर्षा ओढणी डोक्याला गुंडाळून, डबा पिशवीत भरून दारात उभी होती. बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगचा हंगाम चालू आहे, दम खायला वेळ नसतो म्हणे. मी म्हणालो, काय गं, डोळे असे का लाल? ती म्हणाली, काही न्हाई मामा, रात्री झोप झाली न्हाई.

अक्काच्या हातातलं लाटणं थांबलं. ती तशीच, पिठाच्या हातानं बाहेर आली आणि वर्षाच्या कपाळाला हात लावला. पीठ लागलं कपाळाला. मग गळ्याला लावला, मग पुन्हा कपाळाला. वर्षा म्हणाली, आई, जरासाच हाय, गोळी घेतलीय, उतरतोय. अक्कानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. वर्षा चिडली. हंगाम आहे, नव्या माणसानं खाडा केला तर काय म्हणतील, पप्पांनी कधी... आणि तिथे ती थांबली.

बाहेर कोपऱ्यावर एमआयडीसीला माणसं नेणाऱ्या टेम्पोचा हॉर्न वाजला. ह्याच टेम्पोनं दाजी जायचे. टेम्पोवाला त्यांच्यासाठी दोन लांब हॉर्न वाजवायचा आणि दाजी तिसरा वाजायच्या आत टेम्पोत चढलेले असायचे. आता वर्षासाठीही तो तसेच दोन वाजवतो. अक्का फाटकाशी गेली आणि त्याला हातानं खुणावलं, जा. तो गेला नाही. पुन्हा दोन वाजवले. अक्कानं पुन्हा हात हलवला. तेव्हा तो टेम्पो चालू ठेवून खाली उतरला आणि फाटकापर्यंत आला. मागे बसलेली माणसं माना वाकवून बघत होती. त्याचा चेहरा भेदरलेला होता. "काकू, काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई. पोरीला ताप हाय," अक्का म्हणाली. "आज खाडा हाय तिचा."

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बरं बरं म्हणत टेम्पोवाला मागे फिरला, पण बसल्यावरही त्यानं लगेच गाडी काढली नाही, थोडा वेळ तसाच बघत राहिला. मग टेम्पो गेला. अक्का आत आली. वर्षा दिवाणावर आडवी झाली होती, पण पाय खालीच सोडलेले. अक्कानं ते उचलून वर ठेवले.

मी म्हणालो, अक्का, साहेबांना फोन करायचाय. तिनं माझ्याकडे बघितलं. "न्हाई म्हन," ती म्हणाली. "त्यांच्या नावाचं बक्षीस हाय म्हनून कुनी तापात उठून गेला, तर त्याच्या बायकोला मी काय सांगू?" मी म्हणालो, म्हणजे दाजी चुकले असं म्हणायचं का आपण? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती वर्षाच्या कपाळावरचं पीठ पदरानं पुसत राहिली. मग म्हणाली, "ते मला ठाव न्हाई. ते बराबर होते का चुकले, ते माझं मी आयुष्यभर बघीन. तू न्हाई म्हन."

ती बरोबर आहे का? शब्बीरभाईंना वाईट वाटणार, त्यांच्या डोळ्याला डोळा मी कसा भिडवणार? दाजींना हे आवडलं असतं का? मला वाटतं, नसतं आवडलं. आणि लगेच वाटतं, लेकीच्या बाबतीत आवडलं असतं, त्यांनी स्वतःच तिला घरी ठेवलं असतं. ज्या माणसाला मी एवढी वर्षं ओळखत होतो, त्याचं एक साधं मत मला नक्की सांगता येत नाही. त्यांची फार आठवण येते. राग येतो आणि आठवण येते, आणि कोणतं कधी येईल याचा नेम राहिलेला नाही.

मी ओट्यावर जाऊन फोन लावला. साहेबांना सांगितलं की नाव देऊ नका. ते गडबडले. वहिनी आमच्यावर नाराज आहेत का, त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. मग त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू का, म्हणाले. मी दारातून आत बघितलं. अक्का दिवाणाशेजारी उभी होती. पडून राहिलेल्या माणसाचं काय करायचं असतं हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिनं वर्षाच्या अंगावर चादर घातली, काढली, पुन्हा घातली. पाण्याचा तांब्या जवळ आणून ठेवला. पंखा बंद केला, मग सुरू केला. शेवटी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"त्यांना आत्ता वेळ नाही साहेब," मी म्हणालो. "घरात माणूस आजारी आहे."